कंबरेची उसण आणि विमानातले ओझे

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हापासून उरण-पनवेलच्या दवाखान्यांना ओझ्याने धरलेली कंबर नवी नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याहून विमानेही उडू लागली. लोडरच्या कामाला लागलेल्या किंवा लागू पाहणाऱ्या तरुणांसाठी आजचा लेख.

हमाल पाठीवर पोते घेतो तेव्हा ओझे अंगाला चिकटून असते. लहान प्रवासी विमानाच्या पोटात मात्र ताठ उभे राहण्याइतकी उंची नसते. लोडर गुडघ्यांवर बसून, हात लांब करून बॅग ओढतो आणि कंबरेला पीळ देऊन बाजूला रचतो. ओझे शरीरापासून जितके दूर, तितका कंबरेच्या मणक्यांवर ताण अधिक. त्यातच पीळ पडला की मणक्यांमधली गादी सरकण्याची भीती. प्रवाशाची एक बॅग ३२ किलोपेक्षा जड नसावी, असा विमान कंपन्यांचा सर्वसाधारण नियम आहे. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने मात्र उभ्याने, अगदी सोयीने उचलायचे ओझेही २३ किलोच धरले आहे. तेव्हा जड बॅग दोघांनी धरावी. त्यात कमीपणा कसला?

उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाची लाथ खातात. साधी उसण पंधरा-वीस दिवसांत बहुधा आपोआप उतरते, श्रेय पायाळूला मिळते! गादी सरकलेली असेल तर तीच लाथ महागात पडेल. मी रुग्णाला एक-दोन दिवसांपेक्षा जास्त झोपू देत नाही. शेक, जरुरीपुरती गोळी आणि थोडे थोडे चालणे. एक्स-रेचा हट्ट पुष्कळजण धरतात, पण त्यात गादी दिसतच नाही.

मात्र पायाचा पंजा उचलता येईना, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी तुंबली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. तेथे नसा दबलेल्या असतात. उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

दुसरी दुखापत बोटांची. माल भरलेले कंटेनर रुळांवरून सरकतात, मध्ये बोट सापडते. कामावर अंगठी घालू नये; बोट चेंगरल्यास सूज येण्याआधी काढावी. बोट तुटलेच तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा व ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नये. आणि ठेकेदाराकडे असलात तरी दुखापतीची नोंद त्याच दिवशी करवून घ्या. भरपाई मागताना ती नोंद आणि केसपेपर, दोन्ही लागतात.