जुने चित्र, नवा पडदा

घरातील लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट तुम्ही पाहिली असेल. तिच्यातील दृश्ये आणि आज घेतलेली दृश्ये जोडून एक फिल्म करायची, तर एक अडचण येते. दोन्ही चित्रांचा आकार सारखा नसतो.

जुन्या टीव्हीच्या पडद्याचे प्रमाण ४:३ होते. म्हणजे रुंदी ४ भाग, तर उंची ३ भाग. आजच्या टीव्हीचे प्रमाण १६:९ असते. हा पडदा अधिक रुंद आहे. मग जुने चित्र त्यात कसे बसवावे? त्याच्या तीन पद्धती आहेत.

पहिली पद्धत चित्र ताणण्याची. त्यामुळे पडदा भरतो, पण गोल ताट लंबगोल दिसते. दादीचा चेहराही रुंद होतो. हे तिचे खरे रूप नव्हे.

दुसरी पद्धत चित्र मोठे करून वरचा व खालचा भाग कापण्याची. यात उंचीचा पाव भाग जातो. मागे उभ्या असलेल्या काकांचे डोकेच कापले जाऊ शकते!

तिसरी पद्धत चित्र आहे तसेच ठेवण्याची. पडदा १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच असेल, तर जुने चित्र १४४० बिंदू रुंदी घेते. दोन्ही बाजूंना २४० बिंदूंच्या काळ्या पट्ट्या राहतात. पडदा भरत नाही, पण चित्रातले कोणीही हरवत नाही.

याउलट रुंद चित्र अरुंद पडद्यावर दाखवतानाही नुकसान होते. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यात रिकाम्या स्टुडिओतील माणूस फार एकाकी दिसतो, कारण त्याच्याभोवती मोकळी जागा आहे. बाजू कापल्या, तर ती जागा जाते आणि तो एकाकीपणाही कमी होतो.

म्हणून संकलन करताना आधी विचारा, 'या चित्रात काय वाचवायचे आहे?' निसर्गदृश्यातील थोडे आकाश कापले तरी चालेल. माणसांचे चित्र मात्र पूर्ण ठेवा. मूळ प्रतही जपून ठेवा. गेलेली माणसे पुन्हा चित्रीकरणाला येत नाहीत.

शब्दार्थ : संकलन – दृश्ये निवडून जोडणे, प्रमाण – दोन मापांचे नाते, एकाकी – एकटा.

स्वाध्याय : तुमच्या घरातील जुन्या चित्रासाठी कोणती पद्धत निवडाल? कारणासह पाच वाक्ये लिहा.