फायबरचा डोंगा: भाच्यासाठी कानमंत्र

भाच्या, गोसेखुर्दच्या पाण्यावर तू फायबरचा डोंगा उतरवतोयस, याचा मला आनंद आहे. धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. आता आपल्या पवनी तालुक्यात वैनगंगेचं पाणी रुंद पसरतं आणि वारा सुटला की त्यावर लाटा उठतात. अशा पाण्यात डोंग्याची ताकद आणि खोड दोन्ही ठाऊक हवी.

आधी एवढं समजून घे. मातीच्या भिंतीत आपण धानाचं तणस कालवतो, तशी ही वस्तू आहे: तणसाच्या जागी काचेचे धागे, मातीच्या जागी रेझिन. ओढ धागा सोसतो आणि रेझिन त्याला जागेवर धरून ठेवतं. दोघांची पकड सुटली की डोंगा दिसायला धड, पण आतून पोकळ.

१. फायबर आपोआप तरंगतं असं कोणी सांगितलं तर मान हलव आणि पुढे चल. ते पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतं. लाकडी डोंग्यात पाणी शिरलं तरी बहुधा धरायला लाकूड उरतं, फायबरचा मात्र तळ गाठतो. म्हणून पुढे आणि मागे फोमचे किंवा हवाबंद कप्पे असलेलाच डोंगा घे — हे कप्पे सामान ठेवायला नाहीत, तुझ्या जिवाला आहेत.

२. रंग फिका निवड आणि डोंगा सावलीत ठेव — साधं पॉलिएस्टर रेझिन ७०-८० अंशांच्या आसपास नरमायला लागतं. आपल्या आसगावच्या उन्हात पारा ४५ च्या घरात गेला की गडद पृष्ठभाग त्याच्या बराच जवळ पोचतो.

३. दोन विटांवर टेकवू नकोस, लांबीभर आधार दे — तापलेलं फायबर वजनाखाली हळूहळू वाकतं, आणि पुन्हा सरळ होत नाही.

४. डोंग्यात शेगडी पेटवू नकोस, चहाची कितीही तल्लफ आली तरी. लोखंडाच्या मानाने यातून उष्णता सुमारे दोनशे पट कमी वाहते — जिथे तापलं तिथेच ते करपतं, आणि वीतभर अंतरावर ठेवलेल्या हाताला कळतही नाही.

५. बोल्टचं भोक किंचित सैल ठेव, खाली रबर आणि रुंद वॉशर घाल — ऊन लागलं की फायबर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. भोकाची आणि कापलेली कड रेझिनने बंद कर, उघड्या धाग्यातून पाणी आत सरकतं.

६. तळ पायाखाली लपलपत असेल तर आडव्या पट्ट्या बसवून घे — साध्या मॅटचं, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चादरीचं, फायबर मोडायला अवघड, पण ताठपणात लोखंडाचा पंचविसावा हिस्साही भरत नाही.

७. दगडावर आपटला आणि पांढुरका डाग दिसला तर नाण्याने ठोकून बघ. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर धागा आणि रेझिन वेगळे झालेत — पांढरा डाग आज, पाणी उद्या.

८. ठिगळ लावण्याआधी ती जागा दोन-तीन दिवस पूर्ण वाळू दे आणि चकाकी जाईपर्यंत घास. तळ ३ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चहूबाजूंनी साडेतीन-चार सेंटिमीटर उतार काढ — सरळ कडेला लावलेलं ठिगळ पहिल्याच धक्क्यात निघतं. मग मॅटचे तुकडे लहानापासून मोठ्यापर्यंत थराथराने लाव आणि प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवा काढ. पांढरा बुडबुडा उरला की तिथे काम अपुरं आहे.

९. १ किलो मॅटला सव्वादोन ते अडीच किलो रेझिन पुरतं. जास्त ओतलं म्हणजे पक्कं झालं असं नाही — वजन वाढतं, ठिसूळपणाही.

१०. हार्डनर रेझिनच्या १ ते २ टक्के घ्यायचा, उन्हाळ्यात १ च्या जवळ. सकाळच्या गारव्यात, वाटीभरच कालव — जास्त झाला तर वाटीतच धूर निघतो. घाईचा हार्डनर, पावसाळ्याची गळती.

११. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रावण) कधीही थेट एकत्र करायचे नाहीत. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, हार्डनर नंतर — दोघे एकमेकांना भिडले तर भडका उडतो, स्फोटही होतो. हा एक नियम हाताखालच्या पोरालाही शिकव.

१२. घासताना तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि काम उघड्यावर — काचेची धूळ अंगाला खाज आणते, रेझिनच्या वासाने डोकं भणभणतं. अंगावरची धूळ गार पाण्याने धू.

येत्या पावसाआधी कप्पे तपासून घे, आणि लाईफ जॅकेट डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकासाठी घे.