जायचं म्हणजे प्यायचंच असं नाही गं

बार म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढं काय उभं राहतं, मला ठाऊक आहे. एसटी स्टँडमागची परमिट रूम. काळ्या काचा, दाराला पडदा, आत मिणमिणता लाल दिवा, आणि बाईमाणूस गेलंच तर नवऱ्याबरोबर, 'फॅमिली रूम' लिहिलेल्या कोपऱ्यात. आपल्या आया-मावश्या बाटली आडवी करायला मतदानाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या. त्यामुळं जपानला निघालेली पोर, मग ती वालचंदमधून इंजिनिअर झालेली असो की मिरजेत नर्सिंग केलेली, कुकर कुठला नेऊ, थर्मल किती घेऊ हे सगळं विचारून झाल्यावर फोन ठेवता ठेवता आवाज बारीक करून विचारतेच, "ताई, तिकडं ऑफिस सुटल्यावर सगळे मिळून प्यायला जातात म्हणे. मला नेलं तर?"

तर जा. खुशाल जा.

तिथं कामाच्या जागी माणसं फार बोलत नाहीत. शेजारच्या टेबलावर वर्षभर बसणाऱ्या बाईला मुलं किती, हे तुला कळायचं नाही. संध्याकाळी इझाकायात तिच्या पुढ्यात एक ग्लास आला की तीच बाई सासूची गाऱ्हाणी सांगायला लागेल. इझाकाया म्हणजे बसून खायची-प्यायची साधी जागा. दारावर लाल कंदील, वर कापडी पट्ट्यांची झालर. झालर टांगलेली असली की दुकान उघडं आहे. आत हमाल, बँकेतला साहेब, कॉलेजची पोरं, आणि हो, एकट्या आलेल्या बायकासुद्धा असतात. मुंबईत वांद्रे-खारकडं याच नावानं जे महागडं प्रकरण चालतं, त्यावरून अंदाज बांधू नकोस. एप्रिलमध्ये तिकडं कामाचं नवं वर्ष सुरू होतं, तेव्हा नव्या माणसाच्या स्वागताची बैठक होते, ती काँगेइकाई. डिसेंबरात सरत्या वर्षाची बोनेनकाई. या दोन्हींना 'बरं नाही' म्हणून खोलीवर बसलीस तर कुणी रागावणार नाही, तोंडावर तर नाहीच. पण पुढच्या वेळी बोलावणारही नाहीत, आणि मग पोरी मला सांगतात की जपानी माणसं माणूसघाणी. माणूसघाणी नाहीत गं, संध्याकाळी सात वाजल्यानंतर बोलतात एवढंच.

आपल्या पोरींना दोनच वाटा दिसतात. जायचंच नाही, नाहीतर गेलं की प्यायचं. मधली वाट तिथल्याच कितीतरी लोकांच्या रोजच्या पायाखालची आहे. जपान्यांतल्या साधारण ४० टक्के लोकांच्या शरीरात दारू पचवणारं एक एन्झाइम जन्मापासूनच कमजोर असतं. अर्ध्या ग्लासात चेहरा लालबुंद, छातीत धडधड. त्यामुळं 'मला चालत नाही' हे तिथं कुणाला नवीन नाही. "ओसाके वा नोमेमासेन" असं हसून म्हण आणि लगेच "ऊलाँग-चा" सांग. धर्म, संस्कार, आई काय म्हणेल, हे पुराण लावू नकोस. कारण जितकं लांब, तितकी चर्चा लांब. तरीही कुणी ग्लास पुढं रेटलाच, तर तो त्याचा गुन्हा, तुझा उद्धटपणा नव्हे. जबरदस्तीनं पाजण्याला तिथं वेगळं नावच आहे, 'आरुहारा'. वरिष्ठांच्या जाचाविरुद्ध तक्रार ऐकायची सोय ठेवणं २०२० पासून मोठ्या कंपन्यांना आणि एप्रिल २०२२ पासून छोट्या कंपन्यांनाही कायद्यानं बंधनकारक आहे. कामावर रुजू झालीस की ती सोय कुठं आहे तेवढं बघून ठेव.

ऊलाँग-चा म्हणजे बिनदुधाचा, बिनसाखरेचा गार चहा, उंच ग्लासात बर्फ घालून येतो. मेनूत त्याच्याच आसपास ऊलाँग-हाय असतं. तोच चहा, पण त्यात शोचू नावाची दारू. रंग तोच, ग्लास तोच, बर्फही तसाच. गोंगाटात ऑर्डर देताना शेवटचं अक्षर ठासून म्हण आणि पहिला घोट घेण्याआधी वास घे. काल्पिस हे दुधाळ गोड सरबत, पण नावापुढं 'सावर' लागलं की त्यातही दारू. मोठ्या टेबलावर ग्लास इकडचे तिकडं होतात, तेव्हा आपला आपल्या हाताशी ओढून ठेव.

आणि प्यायचीच असेल तर? मी काही तुझी मुख्याध्यापिका नाही. आपल्या महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकीच्या दारूला २५ वर्षं लागतात, तिकडं सगळ्यालाच २०. फक्त काय पितेस ते समजून पी. बिअर ५ टक्क्यांच्या आसपास, साके १५-१६, शोचू नुसती घेतलीस तर २५. सगळ्यात फसवी उमेशू. उमे नावाच्या आंबट फळाची गोड दारू, पोरींना हटकून आवडते, कारण दारूसारखी लागतच नाही. ती १० ते १५ टक्क्यांची असते. 'सोदा-वारी' म्हणून सोडा घालून माग. दर ग्लासामागं ग्लासभर पाणी, 'ओमिझू' म्हटलं की फुकट आणून देतात. ग्लास रिकामा दिसला की शेजारचा तो भरणार, ही तिथली रीत. आणखी नको असेल तर ग्लास भरलेलाच राहू दे, तेवढं त्यांना कळतं.

सांगलीकरणीला सांगायलाच हवी अशी एक गंमत आहे. बैठकीला निघण्याआधी तिथले ऑफिसातले लोक कोपऱ्यावरच्या दुकानात शिरतात आणि मुठीत मावेल एवढी एक बाटली उभ्याउभ्या रिचवतात. त्यात काय असतं? हळद! 'उकोन' म्हणजे आपली हळदच. हाऊस फूड्स कंपनीचं 'उकोन नो चिकारा' २००४ साली बाजारात आलं, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसावं लागू नये म्हणून पितात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद साठवत आलेली आपली माणसं, आणि त्यांच्या पोरीनं टोकियोत दोनशेच्या घरात येन मोजून हळदीची बाटली घ्यावी! घे हवी तर. पण हळद पोटात आहे म्हणून दोन ग्लास जास्त खपतील, असला हिशेब करू नकोस.

बरं, खाण्याकडं येऊ. माझ्या मते इझाकायात जायचं ते खाण्यासाठीच. बसल्या बसल्या न मागवलेली एक छोटी वाटी पुढ्यात येते, ती ओतोशी. कधी मुळा-गाजराचं काही, कधी माशाचं. ती फुकट नसते, माणशी ३०० ते ५०० येन बिलात लागतात. बसायचं भाडं समज आणि वाद घालू नकोस. ओला गरम रुमाल येतो तो हात पुसायला. पुरुष त्यानंच तोंड-मान पुसताना दिसतील, तू नको.

यांतलं कोंबडी भाजणारं दुकान मिळालं तर टेबल सोडून काउंटरला बस. लांबट अरुंद शेगडी असते, बांबूच्या काड्यांना टोचलेले तुकडे तिच्यावर ओळीनं मांडलेले. डोक्याला फडकं बांधलेला मालक उघड्या बोटांनी एकेक काडी फिरवतो, दुसऱ्या हातात पंखा. तुकडे अर्धे भाजले की काडी शेजारच्या मडक्यात बुडवतो. काळपट गोडसर रस ठिबकत काडी परत निखाऱ्यावर जाते आणि भस्सकन धूर तोंडावर येतो. तो विचारेल, "शिओ की तारे?" शिओ म्हणजे नुसत्या मिठातलं, तारे म्हणजे तो रस लावलेलं. मोमो मांडीचं, रेबा काळीज, हात्सु हृदय, कावा म्हणजे नुसती कातडी, कुरकुरीत. रविवारी वजडी मिटक्या मारत खाणाऱ्या घरातली असशील तर इतर परदेशी लोकांपेक्षा तुझी तिथं चैन आहे. आधी मिठातलं हात्सु माग. रिकाम्या काड्या टेबलावरच्या बांबूच्या नळकांड्यात. तिखटाची मात्र आशा सोड. शिचिमी नावाच्या मसाल्याची कुपी असते, ती मोकळ्या हातानं उपड, कुणी हसत नाही. पर्समधून कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढू नकोस, मालक समोरच उभा असतो.

काड्यांमध्ये डुकराचंही असतं, त्याला 'बुता' म्हणतात. 'ग्यू' ऐकलंस की गाय-बैलाचं समज. 'मोत्सु' म्हणजे आतडी-कोथळा, त्यात दोन्हींतलं काहीही असू शकतं. खात नसशील तर सुरुवातीलाच सांग, "ग्यूनिकू तो बुतानिकू वा ताबेरारेमासेन." नुसतं 'मांस नको' म्हटलंस तर हॅम-बेकन घातलेली बटाट्याची भाजी हसतमुखानं तुझ्यापुढं येईल, कारण कित्येकांच्या लेखी ते मांसात मोडतच नाही.

माळकरी घरातली असशील तर मात्र खरी परीक्षा. वाळवलेल्या माशाचं पाणी, दाशी, जिथंतिथं असतं: मिसोच्या सुपात, अंड्याच्या गुंडाळीत, तळलेल्या तोफूवर ओततात त्यातही. निवांत खाता येतील अशा गोष्टी मोजक्याच. एदामामे, म्हणजे मिठात उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा. तळलेला बटाटा. भाजलेल्या शिशितो मिरच्या. काकडी. गार तोफू मिळतो, हियायाक्को, पण त्याच्यावर माशाचे पातळ पापुद्रे पसरलेले असतात, तेव्हा "कात्सुओबुशी नुकी दे" सांगायचं. बैठक ठरवणारा एक जण असतो, कांजी. त्याला दोन-चार दिवस आधी सांगितलंस तर तो बिचारा दुकानात फोन करून विचारतो, आयत्या वेळी सांगितलंस तर त्याची फजिती होते. आणि निघण्याआधी उमे घातलेला भाताचा मुटका, ओनिगिरी, खाऊन जा. भात तिथं शेवटी येतो, आणि तोवर आपल्या पोटात कावळे.

रीतभात फार मनावर घेऊ नकोस. सगळ्यांचे ग्लास येईपर्यंत थांबायचं, 'कानपाई' म्हणताना साहेबाच्या ग्लासापेक्षा आपला जरा खाली धरायचा, झालं. भातात चॉपस्टिक उभ्या खुपसू नकोस, मयताच्या भाताला तसं करतात. चॉपस्टिकनं उचललेला घास दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये देऊ नकोस, दहनानंतर अस्थी तशा उचलतात. जागा सहसा कुणीतरी दाखवतं. नव्या माणसाची दाराजवळ, साहेबांची सगळ्यात आत. मोजे मात्र धड घालून जा, कितीतरी ठिकाणी बूट दारातच काढायचे असतात.

एक गोष्ट ताई म्हणून सांगते. मोठ्या वाडग्यातलं सॅलड सगळ्यांना वाढायचं आणि साहेबांचे ग्लास भरत फिरायचं काम नकळत पोरींकडं येतं. एकदा वाढ, तू धाकटी आहेस, शोभतं. दुसऱ्या वेळी चमचा शेजारच्या पोराच्या हातात दे.

पैशाचं सांगते. दोन तास हवं तितकं प्या, असा ठरीव दर असतो, नोमिहोदाई, जेवण धरून माणशी ३ ते ५ हजार येन. पाच हजार येन म्हणजे सध्या तीन हजार रुपयांच्या आसपास. बिल सारखं वाटून घेतात, त्यामुळं चहा पिणारीलाही बऱ्याचदा तेवढाच वाटा. मला हे पटत नाही, पण महिन्यातून एकदाच असेल तर गप देऊन टाक. स्वागताच्या बैठकीत नव्या माणसाकडून सहसा घेत नाहीत. तरी पाकीट काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या "किनो वा गोचिसोसामा देशिता" म्हणायचं. हे विसरलेलं लक्षात राहतं. टिप ठेवू नकोस, पोरगा नाणी घेऊन रस्त्यापर्यंत मागं धावत येईल. आधी सवय करायची असेल तर एखाद्या मैत्रिणीला घेऊन तोरिकिझोकुत जा. १९८५ मध्ये ओसाकाशेजारी सुरू झालेली ही साखळी, सगळे पदार्थ एकाच दराचे, चित्रं बघून मागवता येतं.

पहिली बैठक संपली की 'निजिकाई', म्हणजे दुसरं दुकान. तिथं जायला तू बांधील नाहीस. शेवटची गाडी बाराच्या आसपास असते, आणि "शूदेन आहे" याइतकं निर्दोष निमित्त त्या देशात दुसरं नाही. रात्री दहानंतर टॅक्सीला २० टक्के जास्त पडतात, हे तर तिथल्या साहेबांनाही परवडत नाही. थोडीशी जरी घेतली असलीस तरी सायकलला हात लावू नकोस. १ नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड आहे, आणि तुला सायकल देणाराही अडकतो. शिंजुकूला काबुकिचोच्या रस्त्यावर 'स्वस्तात बसा' म्हणत कुणी हाताला धरून नेऊ लागलं तर थांबूसुद्धा नकोस.

टोकियोत उतरलीस की निशी-कासाईत तुला सगळं मिळेल: तूरडाळ, गणपती, मराठीत भांडणारी माणसं. तिथल्याच एदोगावा वॉर्डात २०१९ च्या निवडणुकीत आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले, भारतात जन्मून तिथं निवडून आलेले पहिलेच. तिथं राहा, आजारपणाला माणसं लागतात. पण आठवड्यातली एखादी संध्याकाळ जपान्यांत घालव. पुस्तकातली भाषा काउंटरवर बसल्याशिवाय जिभेवर येत नाही.

राहिली आई. बैठकीचे फोटो कुणीतरी टाकणारच, त्यात तू हातात तपकिरी पेय धरून हसत असशील, आणि कराडची आत्या तो फोटो मोठा करून बघेल. ऊलाँग-चा आणि व्हिस्की फोटोत सारखेच दिसतात. तेव्हा त्याच रात्री गाडीत बसल्या बसल्या आईला तूच फोटो पाठव, शेंगांचा, शेगडीचा, ग्लासाचासुद्धा, आणि चहा होता म्हणून सांग. खरंच उमेशू घेतली असशील तर कुणाला सांगायचं ते तुझं तू ठरव. मला सांगितलंस तर मी एवढंच विचारेन, सोडा घातला होतास ना?