समारंभाचा ड्रेस घरी रंगवण्याआधी

समारंभाचा जुना ड्रेस घरी रंगवायचा मनात असेल तर रंगाची पुडी आणण्याआधी तो उलटा करा. शिवणीत ठेवलेल्या मायेतून दोन-चार धागे काढा, अस्तरातूनही काढा, आणि पाण्याच्या वाटीवर चिमट्यात धरून पेटवा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो. रेशमाला जळक्या केसांचा. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी बनते.

शिरगावला आमच्या घरी मी रंगवलेला मोतिया अनारकली 'सिल्क' म्हणूनच विकत मिळाला होता. मला तो वाइन रंगाचा हवा होता. पातेल्यातून बाहेर आला तेव्हा अस्तर झकास वाइन झालेलं, वरचं सॅटिन मात्र मळकट गुलाबी. आणि शिवणीचा एकूण एक टाका तसाच मोतिया! बाह्यांपासून घेरापर्यंत पांढुरक्या रेघा उठून दिसत होत्या. अस्तर सुती होतं, वरचं कापड आणि शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा.

पॉलिस्टरला डिस्पर्स जातीचा रंग लागतो. कारखान्यात तो दाबाखाली 130 अंशांच्या आसपास चढवतात. आपल्या गॅसवर पाणी 100 अंशांपुढे जात नाही, त्यामुळे गडद छटेची आशा धरू नये. रेशमाला अ‍ॅसिड रंग आणि थोडं व्हिनेगर. सुतीला रिअ‍ॅक्टिव्ह रंग, मीठ आणि धुण्याचा सोडा. त्याला उकळावंही लागत नाही. पण तोच सोडा रेशमाची चमक घालवतो, म्हणून एकाची कृती दुसऱ्याला लावू नका. शुद्ध रेशीम असलं तरी शिवणीचा दोरा बहुधा पॉलिस्टरचाच असतो, हे धरून चाला.

भांड्याचा विचार तर कुणी करतच नाही. कापड मोकळं फिरायला त्याच्या वजनाच्या वीस-तीस पट पाणी लागतं. घेरदार ड्रेस किलोभर भरला तर वीस लिटर तरी हवं. तेवढं पातेलं घरात नसेल तर घड्या पडणार आणि घडीघडीला डाग दिसणार. बोअरचं जड पाणीही रंग एकसारखा चढू देत नाही. रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकात आणू नका, आणि पूड कालवताना नाकावर फडकं बांधा.

पिवळ्यावर निळा घातलात तर हिरवाच मिळेल, जुना रंग कुठे जात नाही. काखेतले घामाचे आणि तेलाचे डाग झाकले जात नाहीत, बरेचदा जास्तच ठळक होतात. चिकटवलेले खडे गरम पाण्यात सुटतात.

हे सगळं रंगीत पाणी शेवटी मोरीत जातं. उल्हासनगरच्या जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांनी वालधुनी नदीचं काय केलं ते आपल्या भागात सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून कोरडं कापड आधी तोला. गडद छटेलाही 100 ग्रॅमला चारेक ग्रॅम रंग पुरतो. रेशमावर अ‍ॅसिड रंग नीट चढला की पातेल्यातलं पाणी जवळजवळ निवळतं.

ड्रेस जॉर्जेटचा किंवा नेटचा असेल तर या भानगडीत पडूच नका. उल्हासनगरच्या गजानन मार्केटला जा, हव्या रंगाचं अस्तर घ्या आणि शिंप्याकडून जुनं काढून नवं लावून घ्या. झिरझिरीत कापडाखालून अस्तराचाच रंग वर येतो. माझ्या भाचीचा फिका जॉर्जेट असाच जांभळट झाला, आणि तिने तो तिच्या नणंदेच्या साखरपुड्याला घातला.