पाय थंडे झाले होते

बाबा गेले ते लाखनी आणि भंडाऱ्याच्या मधे, गाडीत. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. भावानं सलाईनची बाटली उंच धरली होती. गतिरोधकावर गाडी उसळली की बाबांच्या घशातून एक आवाज यायचा. नऊ वर्षं झाली, तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. तुमच्या घरी अशी वेळ येईल तेव्हा निदान गाडी बोलावण्याआधी कोणीतरी थांबावं, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधजवळ. इथून नागपूर सव्वाशे किलोमीटर तरी. बाबांना तोंडाचा कॅन्सर होता, आयुष्यभर खाल्लेल्या खर्र्याचा. आता उपचार नाही, घरी न्या, असं नागपूरच्या डॉक्टरांनी दोन महिने आधीच आम्हा भावंडांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. घरी नेऊन काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ‘घरी न्या’चा अर्थ आम्ही एवढाच लावला, की आता सगळं संपलं.

बाबांना आम्ही काहीच सांगितलं नाही. जखम आहे, भरून येईल, एवढंच. एक दिवस त्यांनी मला विचारलं, “यंदाचा रोवणा पाहीन का मी?” मी म्हणाले, “असं काहून बोलता, बाबा?” आणि चहा ठेवायच्या निमित्तानं उठले. त्यानंतर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना सगळं कळलेलं होतं. बोलायला माणूस हवं होतं, आणि ते माणूस चुलीपाशी जाऊन बसलं. गाडीतल्या त्या आवाजापेक्षाही मला हे जास्त बोचतं.

शेवटच्या दिवशी सकाळी गावातली म्हातारी सुईण आली. माझा, माझ्या भावंडांचा जन्म तिच्याच हातचा. तिनं चादर बाजूला करून बाबांचे पाय चाचपले, गुडघ्यांवरचे निळसर डाग पाहिले, मग नुसती श्वासाकडे बघत बसली. श्वास मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. म्हणाली, “पाय थंडे झाले. आता कुठी नेऊ नका. घरीच राहू द्या त्याहिले.” काकाजी तिच्यावर ओरडले. पोरांनी बापाला असंच मरू दिलं, असं गाव म्हणेल, ही भीती आम्हा सगळ्यांच्याच पोटात होती. गाडी आली. बाबांनी खाटेच्या दोरीत बोटं अडकवून ठेवली होती. ती एकेक करून मी सोडवली.

तीन महिन्यांनी, धान कापणीला आलं तेव्हा, मी त्या सुईणीकडे गेले. माफी मागायला गेले होते, पण तिला माफीशी काही घेणंदेणं नव्हतं. ती समजावून सांगत बसली. जन्माच्या वेळी जसं घाई करून चालत नाही, बाईला धीर द्यावा लागतो, भोवतीची गर्दी हटवावी लागते, तसंच जाणाऱ्याच्या बाबतीतही. तिनं कित्येकांच्या उशाशी रात्री काढल्या होत्या. तिच्या या कामाला गावात नाव नव्हतं.

आता जगात त्याला नाव मिळालं आहे. बाळंतिणीला सोबत करणाऱ्या डूला असतात. त्यांचं काम पाहून न्यूयॉर्कमध्ये हेन्री फेर्स्को-वाईस यांनी २००३ मध्ये मरणाऱ्या माणसांसाठी असे सोबती तयार करायला सुरुवात केली. डूला हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ दासी. ती औषध देत नाही, सुई टोचत नाही. ती बसते, ऐकते, आता काय होणार ते घरच्यांना आधी सांगून ठेवते. पण हे काम एकट्या सोबतीनं पुरं होत नाही, वेदनेवर औषध लागतंच. रोग बरा होत नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून हे करतं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. आपल्याला जवळचं म्हणजे नागपूरचं स्नेहांचल. आम्ही महिन्यातून दोनदा नागपूरला जात होतो, तरी आम्हाला याचा पत्ता नव्हता. म्हणून पहिली विनंती ही, की डॉक्टर ‘घरी न्या’ म्हणतील तेव्हा तिथून उठू नका. दुखलं तर काय द्यायचं, जखमेचं काय करायचं, रात्री फोन कोणाला करायचा, हे लिहून घ्या. तुमच्या गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातही विचारा. अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा त्यांच्या कामात धरलेली आहे, आणि आशाताईंना असं घर माहीत असलं पाहिजे.

वेदनेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे आम्ही बाबांवर सगळ्यात मोठा अन्याय केला. मॉर्फिनच्या गोळीचं नाव कोणीतरी काढलं होतं. आम्ही म्हणालो, नको, ते अफूचं, सवय लागेल. महिनाभराचा सोबती असलेल्या माणसाला कसली सवय लागणार होती? कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं मॉर्फिन हे जगभरचं मान्य औषध आहे. आपल्याकडे ते मिळणं फार अवघड होतं, म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मान्यता मिळालेल्या संस्थेतून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते मिळतं. त्यानं पोट घट्ट होतं, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या. आणि जखमेचा वास. त्या वासानं बाबांची नातवंडं सपरीत यायची बंद झाली होती आणि बाबा ते बघत होते. जखम धुऊन तिच्यावर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड टाकली की वास पुष्कळ कमी होतो, हे मला नंतर एका नर्सनं सांगितलं. एवढीशी गोष्ट. डॉक्टरांना विचारून जरूर करा.

शेवटच्या दिवसांत माणूस जेवत नाही. आम्ही बाबांच्या तोंडात चमच्यानं पेज ओतत होतो, ती श्वासात जाऊन ते घुसमटायचे. खात नाही म्हणून माणूस मरत नसतो, शरीर आवरतं घेत असतं म्हणून ते खात नाही. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, गंगाजलसुद्धा नको. कापसाचा बोळा भिजवून ओठ ओले करा, तेवढ्यानं रीत पाळली जाते. घशात घरघर सुरू झाली तर हलकेच कुशीवर वळवा. ती घरघर आपल्याला ऐकवत नाही, पण ती ऐकताना आपल्याला जेवढा त्रास होतो तेवढा बहुधा त्यांना होत नसतो. कानाशी लागून बोला, ऐकू येत असेल असं धरूनच बोला. आणि रात्री जागणाऱ्या बाईला आळीपाळीनं झोपू द्या. आमच्या आईला कोणी झोपू दिलं नाही. तेराव्यानंतर तीच आजारी पडली.

अजून एक, अप्रिय पण सांगायला हवं. शेतीचा कागद आणि शाईचा पॅड घेऊन कोणी खाटेशी आलं तर त्याला सपरीतच थांबवा. गुंगीतल्या माणसाचा अंगठा घेण्यासारखं पाप नाही, आणि पुढे भावाभावांत त्यातूनच कोर्ट उभं राहतं. जे लिहायचं ते माणूस चालताबोलता असताना लिहू द्या. मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका, ही इच्छाही तेव्हाच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात तो हक्क मानला. २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. मृत्यू घरी झाला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा.

पुढे मी मावशीच्या शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ बसले, मग शेजारच्या काकाजींजवळ, मग बोलावतील तिथे. मावशीनं खाट बांधीकडे तोंड करून टाकायला लावली होती. तिनं विचारलं, “मी जातो का आता?” या वेळी मी उठले नाही. म्हणाले, “असं वाटते, मावशी. भीती वाटते का?” ती दोन तास बोलली. त्यातलं निम्मं तिच्या माहेरच्या बोडीबद्दल होतं.

गेल्या वर्षी ती सुईणही गेली. चार दिवस मी तिच्याजवळ होते. शेवटच्या पहाटे तिनं डोळे उघडून मला चादरीकडे खूण केली. मी पाय चाचपले.

“थंडे झाले?”

“झाले.”

“मंग माया पोरीले उठव. बाकीच्याहिले झोपू दे.”