जुना बागेतला ट्रॅक्टर घेऊन विकायचाय? आधी उलटा हिशोब करा



आजच्या व्हिडिओत आपण जुना छोटा ट्रॅक्टर दुरुस्त करून विकण्याचा धंदा बघितला. हिशोब जरा घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

नाशिक, सांगलीकडे द्राक्षाच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर फिरवणं अवघड. तिथे १८.५ एचपीचा मित्सुबिशी शक्ती एमटी १८०डी किंवा १५ एचपीचा महिंद्रा युवराज २१५ असे छोटे ट्रॅक्टर चालतात. ज्याला नवीन परवडत नाही, तो चांगला जुना शोधतो. तोच आपला ग्राहक.

आता माझ्या पहिल्या ट्रॅक्टरचा हिशोब बघा. बीबीए झालेलो, तरी हा कागदावर मांडला नव्हता!

खरेदी ९५,०००
इंजिन काम ३८,०००
क्लच, हायड्रॉलिक १४,०००
मागचे टायर १६,०००
रंग, वायरिंग, बॅटरी ११,०००
वाहतूक ४,०००
एकूण १,७८,०००
विक्री १,७०,०००

८,००० रुपये तोटा, आणि माझे २४ दिवस फुकट. चूक कुठे झाली? ताजा रंग बघून भुललो. मी पोचायच्या आधीच मालकाने इंजिन गरम करून ठेवलं होतं, ते लक्षातच आलं नाही.

म्हणून बघायला जाल तेव्हा हे करा:

१. आधी बॉनेट उघडून इंजिनला हात लावा. गरम असेल तर थांबा, थंड झाल्यावर स्टार्ट करा.
२. धूर बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा गेल्याची शंका. काळा असेल तर एअर फिल्टर किंवा नोझल तपासा. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या.
३. डिपस्टिक काढा. ऑइल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. हेड गॅस्केटचा खर्च धरूनच बोला.
४. रोटाव्हेटर उचलून धरा. लगेच खाली बसत असेल तर हायड्रॉलिकचं काम आहे.
५. आरसी बुक वाचा. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

पाचवा मुद्दा मी सोडला होता. बोजा उतरेपर्यंत ट्रॅक्टर पाच महिने दारात उभा, आणि ऑक्टोबर छाटणीचा सीझन हातचा गेला. छाटणीनंतर फवारण्या वाढतात, त्यामुळे खरी मागणी त्याच्या आधी असते.

आता उलटा हिशोब. विक्रीच्या भावापासून मागे या:

१,७०,००० विक्री
वजा ७९,००० दुरुस्ती
वजा ४,००० वाहतूक
वजा १४,४०० स्वतःची मजुरी (२४ दिवस, ६०० रुपयांनी)
वजा २०,००० नफा
उरले ५२,६००

म्हणजे मी जास्तीत जास्त ५२,६०० द्यायला हवे होते. मालक तेवढ्यात देत नसेल तर चहा प्यायचा, रामराम करायचा आणि घरी यायचं.

दुरुस्तीचा क्रमही पाळा: आधी इंजिन, मग क्लच-गिअर-हायड्रॉलिक, मग वायरिंग आणि टायर. रंग सगळ्यात शेवटी. विकताना ग्राहकाला देखभालही समजावून सांगा. मोरचुदाची फवारणी झाली की ट्रॅक्टर धुवा, नाहीतर पत्रा आणि नट-बोल्ट खातं. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर वारंवार साफ करा. बरेच दिवस उभा ठेवायचा असेल तर डिझेलची टाकी भरून ठेवा, म्हणजे आत पाणी धरत नाही, आणि बॅटरीची वायर काढा. असं सांगणाऱ्याकडे ग्राहक परत येतो.

गृहपाठ: या आठवड्यात तीन जुने ट्रॅक्टर फक्त बघून या. विकत घेऊ नका. तिघांचा उलटा हिशोब वहीत मांडा आणि मालकाने सांगितलेला भाव शेजारी लिहा. दोन आकड्यांतला फरक बघितलात की धंदा कळायला लागेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!