परक्या कानापाशी मन मोकळे करताना

झाशीतील मराठी माणसाला माणसांची वाण कधीच पडत नाही. नेवाळकरांच्या सुभेदारीच्या काळापासून येथे नांदत आलेली जुनी घराणी, आणि झाशी विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेच्या, म्हणजे मुंबईच्या, अमलाखाली असल्यामुळे बदलीवर येऊन येथेच रुजलेली आमच्यासारखी नोकरदार कुटुंबे, अशी सारी मंडळी राणी लक्ष्मीबाईंचा विवाह ज्या गणेश मंदिरात झाला त्याच मंदिरात भाद्रपदात आरतीला जमतात, एकमेकांच्या नातवंडांची नावे जाणतात, आणि त्याच न्यायाने एका घरातील दुःखाची वार्ताही दहा घरी बिनबोभाट पोहोचवितात.

पत्नीच्या निधनानंतर माझी झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, आणि आयुष्यभर रेल्वेच्या हिशेब दफ्तरात आकड्यांशी झुंजलेल्या मला विजेचे बिल भरणेही दुर्घट वाटू लागले. त्या दिवसांत सांत्वनाला येणाऱ्यांची आपुलकी खरी असूनही तिच्यापुढे तोंड उघडेना. कोणी म्हणे, “अण्णा, आता नामस्मरणात मन रमवा”. कोणी पुण्याच्या मुलाकडे जाण्याची मसलत देई. आणि मी एखादे वाक्य अधिक बोललो तर ते सुनेच्या कानी कोणत्या रूपाने जाईल, या धास्तीने सर्वांना “बरे चालले आहे” एवढेच उत्तर मिळे.

मोबाइलच्या पडद्यावर एके रात्री ‘मानसिक शांतीसाठी तत्काळ संपर्क’ अशी जाहिरात दिसली. पलीकडच्या गृहस्थाचा स्वर मोठा आर्जवी होता. परंतु माझी हकिगत अर्धी होते न होते तोच नोंदणी शुल्काची गोष्ट निघाली, ते भरल्यावर ‘विशेष उपचारा’ची रक्कम आली, आणि मी नकार देताच तीच हकिगत घरच्यांना कळविण्याची धमकी आली. अशा प्रसंगी वाद न घालता संभाषण तोडावे, संदेश व भरण्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात, आणि विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मीही तेच केले. दुःखी माणसाचा विश्वास हा या व्यापाऱ्यांचा कच्चा माल असतो.

या प्रकारामुळे टेलिफोनवरील सर्वच साह्याविषयी मन विटावे हे स्वाभाविक होते. तथापि परिचयातील एका डॉक्टरांनी १४४१६ हा क्रमांक आग्रहाने लिहून दिला. ही केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा. २०२२ च्या अंदाजपत्रकात तिची घोषणा झाली, त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली, आणि बेंगळुरूची निमहान्स ही संस्था तिच्या केंद्रस्थानी आहे. सेवा अहोरात्र व विनामूल्य असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. हयात बुंदेलखंडात गेल्यामुळे मी हिंदी निवडली.

समुपदेशक बाईंनी प्रथम विचारले ते अगदी साधे: झोप किती लागते, जेवण होते का, घरी कोण असते. मग, आवाजात यत्किंचितही बदल न करता, “कभी जीवन समाप्त करने का विचार आता है?” असा प्रश्न त्यांनी सरळ केला. हा प्रश्न आमच्या आप्तमंडळीत कोणी उच्चारला नव्हता, कारण तो विचारल्याने अशुभ घडेल अशी सर्वांची समजूत. वस्तुतः तो विचारला गेल्यानेच मला प्रथम खरे उत्तर देता आले. मी बोलता बोलता थांबलो तेव्हा त्याही थांबल्या; ती शांतता भरून काढण्याची घाई त्यांना नव्हती.

येथे काही गोष्टी वाचकांनी ध्यानी ठेवाव्यात. पुढच्या वेळी तीच व्यक्ती भेटेल अशी अपेक्षा धरू नये, आणि म्हणून आपला त्रास कधीपासून आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून समोर ठेवावे. बोलण्यासाठी घरातील एकान्ताची जागा व वेळ आधी योजावी. पहिले संभाषण मनासारखे झाले नाही तर सेवेलाच दोष देऊन बसू नये. पुन्हा फोन करावा. हे समुपदेशक औषध देत नाहीत. आवश्यक वाटल्यास ते मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयाकडे पाठवितात, आणि ती सूचना टाळू नये. मला येथील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जाण्याचा सल्ला मिळाला, आणि खरा उपचार तेथे सुरू झाला.

प्राणावर बेतण्याजोगी स्थिती असेल तर फोनवर विसंबू नये. ११२ ला कळवावे, आणि त्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये. पोलीस-कचेरीच्या भयाने पुष्कळ कुटुंबे अशी गोष्ट दडपतात. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरले असून, त्याची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे.

आप्तेष्टांनी वाईट वाटून घेऊ नये. ज्याला आपले नाव-गाव ठाऊक नाही, ज्याला आपल्या सुनेशी वा शेजाऱ्याशी कर्तव्य नाही, त्याच्यापाशी प्रथम बोलणे ही आप्तांशी प्रतारणा नव्हे. पुढे त्यांच्याशी बोलण्याचे बळ मला तेथूनच मिळाले. सबब विनंती एवढीच, की १४४१६ हा क्रमांक घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये आजच नोंदवून द्यावा, आणि त्यासाठी पैसे मागणारा कोणी भेटला तर तो त्या सेवेचा माणूस नव्हे, हेही त्यांना सांगून ठेवावे.